मोहफुलांचा कचरा

मंडळी, आज पहाटे साडेपाचला आरमोरीत आम्ही उतरलोय त्या लॉजच्या अंगणातली मोहफुलं झाडून कचऱ्यात टाकली गेली.

मी आणि माझी मैत्रीण कुसुम ती वेचायलाच आलो होतो. कॉन्व्हेंटात आम्ही ती फ्रॉकच्या खिशात लपवायचो आणि वासामुळे सिस्टरच्या तावडीत सापडायचो. आता कुसुम कायमची मुलाकडे पुण्याला चालली आहे.

झाडणारी म्हणाली, "बाई, मॅनेजरनं सांगतलं, कचरा दिसला नाई पायजे."

कुसुम उसळली, "मोहाले कचरा म्हन्ते? त्याच्या मायनं ऐकलं तं हाच झाडू त्याले हानन!" मग रिकामी टोपली मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

मॅनेजरसाहेब, तुम्ही लॉजच्या पाहुण्यांच्या या ग्रुपवर आहात. उद्याची सकाळ आमची शेवटची. आमचं वेचून होईपर्यंत झाडू थांबेल का, ते आज रात्री आठच्या आत लेखी कळवा.