मशीनच्या पोटातलं मशीन

जळगावच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमधली जुनी मंडळी भेटली, की चहा येण्याआधीच प्रकाशच्या ‘आतल्या मशीन’चा विषय निघतो. असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कोपऱ्यात पडलेल्या केबल्ससारखे ते आपोआप गुंततात. एक ओढला की चार येतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आणि शिंदखेड्याचा प्रकाश तिथं शिकवायचो. मालक भाऊ सावद्याचे, घरची केळीची बाग. क्लासमध्ये सहा मशीनं, त्यातलं एकच नवं. प्रकाशला मुलांना लिनक्स शिकवायचं होतं, पण ते टाकायचं तर डिस्क पुसावी लागणार, आणि नव्या मशीनवर मुलांचे प्रोजेक्ट होते. ते पुसायचे कसे? मग पुण्याच्या मित्राकडून त्यानं एक सीडी आणली. तिच्यातल्या प्रोग्रॅमनं म्हणे चालू मशीनच्या आत दुसरं खोटं मशीन तयार होतं, आणि त्यावर छोटंसं लिनक्स टाकता येतं.

भाऊंनी एवढंच ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पाटी लावली, ‘एकूण सात कॉम्प्युटर’.

जामनेरचे एक पालक आले. त्यांनी शांतपणे मशीनं मोजली.

“सातवं कुठंय?”

“सहाव्याच्या आत,” भाऊ म्हणाले.

पालकांनी विचार केला. “मग आमच्या पोराला बाहेरच्यावरच बसवा. आत गुदमरायचा तो.”

* * *

प्रकाश इन्स्टॉल करायला बसला. मागे आम्ही सगळे उभे. स्क्रीनवर आलं, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का?

मुलांचे चेहरे उतरले. चार महिन्यांचं काम होतं त्यांचं. “ती आतली डिस्क आहे, खोटी,” असं म्हणत प्रकाशनं एन्टर दाबलं आणि स्क्रीन काळी झाली.

भाऊंनी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं.

मशीन परत चालू केलं. प्रोजेक्ट जिथल्या तिथं होते. प्रकाश म्हणाला, “भाऊ, आतल्यानं काहीच पुसलं नसतं. बाहेरचं मात्र तुम्ही मारलं असतं.”

* * *

दुसऱ्या खेपेला निम्मं झालं आणि वीज गेली. पंखे थांबले. अंधुक खोलीत वर्षा नावाच्या मुलीनं विचारलं, “सर, आतली पण गेली का?”

* * *

अखेर एका दुपारी जमलं. काळी स्क्रीन, पांढरी चार अक्षरं, लुकलुकणारी एक रेघ. प्रकाशचे डोळे भरून आले. भाऊ वाकून बघत राहिले.

“चित्रबित्र काही नाही?”

“हलकं आहे ना भाऊ, म्हणून.”

“हलकं ठीक आहे रे. पण इतकं उपाशी?”

तरी त्यांनी सगळ्यांना केळीचे वेफर्स वाटले.

* * *

त्याच आठवड्यात प्रकाशचे वडील, आबा, गावाहून आले. पोराला शेतीवर परत न्यायचं ठरवूनच आले होते. प्रकाशनं मला आधीच सांगितलं होतं, “ताई, आबांना नाही म्हणणं मला जमणार नाही.”

आबा टोपी मांडीवर ठेवून नव्या मशीनसमोर बसले. “तू आठे काय करस, ते दखाड,” ते अहिराणीत म्हणाले.

प्रकाशनं दाखवलं. “आबा, हाई मशीनना पोटमा दुसरं मशीन शे. मी बनाडं.”

आबा बराच वेळ त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, “आतलाले ठाऊक शे का, आपण कोना पोटमा शे ते?”

“नही आबा. त्याले वाटस, सारं जग तोच शे.”

“आनि बाहेरलानी बटण बंद करं तर?”

“मंग आतला बी बंद.”

आबांनी चहा संपवला. टोपी डोक्यावर नीट बसवली. “मंग हाऊ बी आपलासारखाच शे,” म्हणाले, स्क्रीनला दोन्ही हात जोडले, आणि शेतीचं नावही न काढता एकटेच एसटी स्टँडकडे निघाले.