सुरतेहून आलेला चढाईवाला

भांड्यांच्या दुकानात माणूस पातेलं वाजवून बघायला येतो आणि वाजवता वाजवता चार गोष्टी सांगून जातो. पातेलं विकलं जातं, गोष्ट दुकानातच राहते. जळगावात इतकी वर्षं गल्ल्यावर बसून माझ्याकडे असा पुष्कळ माल साठलाय. पण सुरतेला प्लेग आला आणि नेमके तेव्हाच आमच्याकडे परदेशी संघांचे कबड्डीचे सामने भरले, त्या दिवसांच्या गोष्टी मी वेगळ्या फळीवर ठेवल्यात. त्यांना अजून गिऱ्हाईक येतं.

*

सामने आणले ते नानांनी. नाना यावलकडचे केळीचे बागायतदार, स्वागत समितीचे अध्यक्ष. समितीत आणखी दोघे: वरणगावचे आबा, ते पंच, आणि मी. बैठक माझ्या दुकानात व्हायची, कारण चहा माझा.

नानांच्या मनात एकच गोष्ट होती. उद्घाटनाला पाहुण्यांसमोर आपला खानदेशचा संघ उतरावा आणि त्यात हिरामणनं चढाई करावी. हिरामण धुळ्याकडच्या एका खेड्यातला, सुरतेत कापडाच्या लूमवर कामाला. त्याच्यासारखा दम मी दुसऱ्या कोणाचा ऐकला नाही. नाना म्हणायचे, "हा पोरगा लूमवर म्हातारा होईल आणि कोणी त्याला बघितलंच नाही असं होईल. एकदा तरी जगाला दाखवू."

प्लेगची बातमी आली तेव्हा पाहुणे घरून निघाले होते. मी म्हणालो, "नाना, सामने पुढे ढकलू."

"शेठ, पाहुणा दाराशी आला की घरात आजारी माणूस आहे म्हणून त्याला परत पाठवतात का?"

"पाठवतात," आबा म्हणाले.

"मग तुम्ही वरणगावला जा," नाना म्हणाले. बैठक संपली.

*

सरकारी डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटी घातल्या. पहिली अट, सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधायचा. दुसरी, पाहुण्यांच्या जवळ जायचं नाही. तिसरी, सुरतेहून आलेल्या माणसाला तपासल्याशिवाय मैदानात सोडायचं नाही.

पाहुणे स्टेशनवर उतरले. नानांच्या घरच्या अक्का ओवाळायला उभ्या होत्या. आरती लांबून ओवाळता येते, पण कुंकू लांबून कसं लावणार? अक्कांनी आदल्या दिवशीच माझ्या दुकानातून लांब दांड्याचा डाव नेला होता. दांड्याचं टोक कुंकवात बुडवून त्यांनी एकेकाच्या कपाळाला टेकवलं. पाहुणे वाकून, हात जोडून उभे. कोणाचा चेहराही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी नेपाळ संघाचे मॅनेजर दुकानात आले आणि तसाच डाव मागू लागले. म्हणाले, आपल्या गावी दाखवायचाय, खानदेशात स्वागत कसं करतात ते. मी डाव दिला. खरं काय ते सांगायला गेलो, तर नानांनी माझा पाय दाबला.

*

रुमालाच्या अटीवर आबा अडले. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम पंचाला सतत ऐकू आला पाहिजे. ते डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, तोंड बांधलं तर मी ऐकू काय?"

"मनातल्या मनात म्हणू द्या त्यांना."

"म्हणू देतो. मग निकालही मनातल्या मनात देतो."

डॉक्टरांनी कबड्डी कधी पाहिली नव्हती. आबांनी त्यांना सरावाला बसवलं. एक गडी आत शिरला आणि सातजण त्याच्यावर पडले. धूळ बसेपर्यंत डॉक्टर बघत राहिले. मग त्यांनी आपला रुमाल सोडून कपाळ पुसलं आणि म्हणाले, "खेळणाऱ्यांचं राहू द्या. बघणाऱ्यांनी बांधा."

*

तोवर हिरामण सुरतेहून निघाला होता. सुरत-भुसावळ गाडी माणसांनी खच्चून भरून यायची. खानदेशची कितीतरी पोरं तिकडेच पोटाला लागलेली. अमळनेरकडच्या एका शाळेत त्या सगळ्यांना उतरवून ठेवलं होतं, त्यात हिरामणही होता. गोळ्या चालू होत्या, रोज तपासणी होती.

नाना मला घेऊन तिथं गेले. आत जायला मनाई. हिरामण खिडकीच्या गजापाशी आला.

"ताप?" नानांनी रस्त्यावरून विचारलं.

"नही नाना."

"खोकला?"

"तोबी नही. मी बठ्ठा बरा शे."

"मग दम दाखव."

हिरामणनं गज धरले आणि सुरू केलं, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आधी त्याच्या खोलीतले लोक गप्प झाले. मग शेजारच्या खिडक्यांमधून माणसं डोकावली. दम काही तुटेना. पहारेकरी धावत आला, त्याला वाटलं पोराला काहीतरी झालं. "अहो, याला झालंय काय?"

"काही नाही झालं," नाना म्हणाले, "तेच तर बघतोय."

*

मुदत संपली. डॉक्टरांनी हिरामणला नीट तपासलं आणि खेळायला हरकत नाही म्हणाले. आम्हाला वाटलं, आता सुटलो.

दुसऱ्या दिवशी सरावाला गेलो. कबड्डीत बचाव करताना गडी हातात हात घालून साखळी करतात. यावलचा भिका आणि पहूरचा शांताराम हिरामणच्या दोन बाजूंना उभे होते. दोघांचेही हात पाठीमागे. साखळी हिरामणपाशी येऊन तुटायची, पुन्हा पलीकडून सुरू व्हायची.

मग हिरामणनं चढाई केली. समोरचे सगळे मागं सरकत गेले आणि आपल्या पायांनी अंतिम रेषेबाहेर जाऊन उभे राहिले. नियमानं सगळे बाद. आबांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "एवढ्या सोप्या चढाईचे गुण मी आयुष्यात दिले नाहीत."

कोणी हसलं नाही. हिरामण माठाकडे गेला, पण पाणी न पिताच परत आला. नानांपाशी येऊन हळू म्हणाला, "नाना, माले गावले जाऊ द्या. इथं मी कोणाशी खेळू?"

नाना म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत थांब. मग मी स्वतः नेऊन सोडतो."

*

उद्घाटनाचा सामना नेपाळशी होता. सकाळी मी त्यांच्या कॅप्टनला गाठलं आणि हिरामण कुठून आलाय ते सांगून टाकलं. नाना माझ्यावर भडकले. मी म्हणालो, "नाना, पातेल्याला पोचा असला तर मी गिऱ्हाइकाला आधी दाखवतो. इथं तर पोचाही नाही, मग लपवायचं कशाला?"

कॅप्टन ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस. त्यानं एवढंच विचारलं, "डॉक्टर ने देखा है?"

"देखा है."

"ठीक है."

मैदान भरलं होतं. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, त्यामुळे आवाज कमी. हिरामणनं पहिली चढाई केली. पाहुणे मागं सरकले. तो निदानरेषा ओलांडून रिकाम्या हातानं परत आला. दुसऱ्या चढाईलाही तेच. लोकांमधून कुजबुज आली, "सुरतवाला शे तो." नानांनी मान खाली घातली.

तिसऱ्या चढाईला हिरामण सरळ आत घुसला. फसवणं नाही, बगल देणं नाही, सरळ मधोमध. दम मात्र पक्का, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता.

कॅप्टन खाली वाकला आणि त्यानं हिरामणचा घोटा दोन्ही हातांनी धरला. मग बाकीचे सहाजण आले. हिरामण त्यांच्याखाली दिसेनासा झाला. दम चालू होता, मग बारीक झाला, मग थांबला.

आबांची शिट्टी वाजली. "चढाईवाला बाद."

ढीग सुटला. हिरामण उठला तो धुळीनं माखलेला, कोपर फुटलेलं. बाद झालेल्या गड्यानं गुमान बाहेर जाऊन बसायचं असतं. तो बाहेर आला, पण बसला नाही. आमच्याकडे धावत आला. हसत होता.

"नाना, माले धरं! बठ्ठास्नी धरं!"

सगळ्या सातजणांनी त्याला धरलं होतं, आणि आमचा एकुलता एक चढाईवाला गेला होता. नानांनी तोंडावरचा रुमाल सोडला, गळ्यात टाकला आणि पाहुण्यांच्या बाजूला तोंड करून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.