गुरुजींचे डोळे

आता हा काकांचा आवाज काढून दाखवणार, असं वाटलं ना? विसरा. अचलपूरच्या शाळेत हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला केल्यात मी. पण ढोकेकाकांची नाही. ते गेल्यापासून तर मुळीच नाही.

सिंगापुरात, क्लेमेंटी भागात, त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली होती. माणूस नागपूरचा, नोकरी इंजिनिअरची, आणि घरी आला की थंका रंगवायचा. म्हणजे तिबेटी पद्धतीची, कापडावरची बुद्धांची, देवतांची, गुरूंची चित्रं. पहिल्या दिवशी हॉलमध्ये शिरलो तर भिंतीभर चेहरे टक लावून बघतायत, आणि खिडकीपाशी चौकटीवर ताणलेल्या एकाला डोळेच नाहीत.

"घाबरला काय बे? डोळे शेवटी उघडायचे असतात. उघडले की चित्र आपल्याकडे बघते."

कवट्यांची माळ घातलेला, सुळे काढलेला एक निळा रक्षक होता. त्याच्याकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "तो आपल्यावर नाही चिडला. आपल्यासाठी चिडलाय."

बिनडोळ्यांचे ते काकांचे तिबेटी गुरुजी. थंका त्यांनीच शिकवला. त्यांनी कधी फोटो काढू दिला नाही, आणि आता वारले होते. काकांना त्यांची नजर आठवेना. त्यात हात थरथरायला लागलेला. डॉक्टर म्हणाले, वाढतच जाणार.

"हात जायच्या आत गुरुजींचे डोळे उघडले पाहिजेत," एवढंच त्यांचं चालायचं.

एका रविवारी दुपारी मी विचारलं, "दिसायचे कसे?"

"तोंडानं रागवायचे, डोळ्यांनी हसायचे. मान अशी, डावीकडे."

मी गंमत म्हणून मान कलती केली, एक डोळा बारीक केला आणि खर्जात गुरगुरलो, "ब्रश ओठांनी टोकदार कर!"

काका पांढरे पडले. "हे तुला कोणी सांगितलं?"

कोणीच नाही. पण मला चेहरा सरळच करता येईना.

"हलू नको." त्यांनी ब्रश ओठांत धरून टोक काढलं. हात एकदम स्थिर. एक बुबुळ, मग दुसरं. दुसरं टेकलं आणि माझा चेहरा सुटला. कापडावरून गुरुजी माझ्याकडे बघत होते, एक डोळा बारीक करून.

काकांनी ब्रश धुतला. हात पुन्हा थरथरू लागला. मग वळून मला जे झापलं!

"गाढवा, गेलेल्या माणसाला असं बोलावतात? आणि ऐकून ठेव. मी गेल्यावर माझा आवाज काढलास ना, तर येईन बे मी! तुझ्याच तोंडानं तुला झापीन!"