दहा फोटू

कीबोर्डला हात लावण्याआधी चाचा एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "पह्यले फोटू. मंग हात." तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला एकच वाक्य जन्मभर पुरतं.

नंदुरबारच्या आमच्या वाचनालयात परीक्षांचे फॉर्म भरायला एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चाचांनी घातलं. त्यांचं दुरुस्तीचं दुकान मिरची बाजाराच्या रस्त्यावर. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग हे. मशीन उघडलं की आतून लाल धूळ निघायची. "मशीनले बी ठसका लागस," म्हणत ते स्वतःच शिंकायचे. मी तिथली ग्रंथपाल, तोंडाची फटकळ. मला ते बेटी म्हणत.

फोटू म्हणजे स्नॅपशॉट. काही नवीन घालायचं तर आधी आहे त्या अवस्थेचा फोटू काढायचा. बिघडलं तर मशीन सुरू होतानाच एक यादी येते, तीत कालचा फोटू निवडायचा, की मशीन कालच्यासारखं उठतं. हे जमावं म्हणून चाचांनी डिस्कची वाटणीच तशी केली होती. "घर येगळं, दुकान येगळं," ते सांगत. मशीनची व्यवस्था म्हणजे दुकान, पोरांनी लिहिलेलं सगळं म्हणजे घर. फोटू फक्त दुकानाचा. मशीन उठवणारी फाइलही त्यांनी दुकानातच ठेवली होती. ती बाहेर ठेवली तर दुकान कालचं आणि किल्ली आजची, मग कुलूप उघडणार कसं?

एकदा मी थट्टेनं विचारलं, "चाचा, घरही मागे न्यायची सोय का नाही ठेवली?"

"पोऱ्यासनं लिखेल पुसाई जाई, बेटी." मग फडक्यानं स्क्रीन पुसत म्हणाले, "दुकान मांगे जास. घर नही."

मी हसले. त्यांची बायको त्याच वर्षी, उन्हाळ्यात गेली होती, मुलगा सुरतेला राहत होता. मला हे सगळं माहीत होतं. तरी हसले.

दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ते यायचे, फोटू काढायचे, त्यापुढे एक ओळ टाइप करायचे आणि जायचे. यादीत दहाच फोटू राहतील असं त्यांनीच लावलं होतं. अकरावा आला की सगळ्यात जुना आपोआप जातो. "राखी ठेवाना नही. फोटू जुना व्हयना का जड व्हस," ते म्हणायचे. ते खरंच आहे. ताजा फोटू जागा घेत नाही, भोवतालचं बदलत जातं तसा तो डिस्क खात जातो.

जाताना एवढंच सांगत, "यादी वाचत जाय."

"मशीन चांगलं चालतंय, कशाला वाचू?" मी म्हणायची. फटकळ तोंडाला उत्तर तयारच असतं.

पावसाळ्यानंतर मुलगा त्यांना सुरतेला घेऊन गेला. महिनाभरात तिकडून निरोप आला, चाचा गेले. त्याच आठवड्यात मशीन अडलं, आणि मी पहिल्यांदा ती यादी उघडली.

तारखांच्या पुढे चाचांच्या ओळी होत्या, त्यांच्या अहिराणीत, जिथे 'ऊना' म्हणजे आला.

"आज कोणी ऊनं नही."

"पोऱ्याना फोन ऊना नही."

"चहा एकलानी पिधा."

"आज बेटीनी चहा पाजा. चांगला दिन."

तो चहा मला आठवेना. इतक्या शुक्रवारांत एकदाच पाजला असणार. सगळ्यात वर शेवटची ओळ होती, "सुरतले जाई ऱ्हायनू. बेटी, यादी वाचजो."

तोच फोटू निवडला. मशीन उठलं. मी मात्र खुर्चीतच बसून राहिले.

नंतर कॉम्प्युटर शिकलेल्या एकाला विचारलं, तर तो म्हणाला, दर आठवड्याचा फोटू मशीन आपोआप काढतं, त्यासाठी माणूस लागत नाही. चाचांना हे माहीत नसेल असं होईल का?

तेव्हापासून मी नवीन काही घालायचं टाळते. पण फॉर्मची साइट जुन्या ब्राउझरवर उघडत नाही, पोरं तिष्ठत राहतात. नवीन घालायचं तर आधी फोटू, आणि प्रत्येक फोटूला चाचांची एक ओळ जाते. वहीत उतरवून घेतल्यात मी, पण वहीतलं अक्षर माझं. चहाचीही ओळ गेली. नऊ वेळा मी पुढे नुसती तारीख टाकली.

आज धानोऱ्याची एक मुलगी आली. फॉर्मचा शेवटचा दिवस, आणि साइट उघडेना. यादीत चाचांची एकच ओळ उरली होती, सुरतेची. मुलगी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. चाचा असते तर त्यांनी बोट वर केलं असतं.

मी फोटू काढला. त्यापुढे लिहिलं, "चाचा, यादी वाचली." एंटर दाबलं.

फॉर्म भरला गेला. मुलगी गेल्यावर मी चहा केला. सवय नाही, तरी दोन कप झाला.