तारखेसकट सही

नोएडातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे हे गृहस्थ सरकारी नोकरीतून रिटायर झाले, पण त्यांच्या हातची फाइल काही सुटली नाही. निवडणुकीला उभे राहणाऱ्यांची पत्रकं ते पंच करून टॅगमध्ये ओवतात. बोलताना दर वाक्याला 'बिल्कुल' लावतात. मला त्या फाइलचं भारी कुतूहल.

परवा एक उमेदवार दारी आला. मागच्या निवडणुकीत तो गेटवरच्या भाजीच्या गाड्या हटवणार होता. आता त्यांनाच लायसन्स मिळवून देणार म्हणे. यांनी त्याची दोन्ही पत्रकं पुढे केली.

"बिल्कुल झगड़ा नहीं. दोनों पे साइन कीजिए, तारीख डालके."

तो हसत हसत सह्या करून गेला.

"काय कोडगा माणूस! राग नाही येत तुम्हाला?" मी विचारलं.

"बिल्कुल नाही. तो आपले अर्ज वाचतो."

त्यांनी फाइलचं पान उलटलं. सोसायटीने दिलेले दोन अर्ज होते. एकात गाड्या हटवा, वर्षभरानंतरच्या दुसऱ्यात गाड्या परत आणा. दोन्हींवर पहिली सही माझी.

त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं आणि या वेळी 'बिल्कुल' न लावता म्हणाले, "तारीख राहिलीय तुमची."