गाव दाखवणारी रेजीन

रेजीन पिएत्रीचे केस मी एकतीस वर्षं कापले. माझं दुकान तिच्या घराच्या बरोबर समोर. आमची गल्ली इतकी अरुंद, की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून ती विचारायची, "आराक्सी, रिकामी आहेस का?" आणि मी कात्री हातातच ठेवून मान वर करायची.

ती त्याच घरात जन्मली. बाप कॉर्सिका बेटावरून आलेला, गोदीत हमाली करायचा. आई मात्र इथलीच, जुन्या बंदराच्या काठावरची. रेजीनने एकोणीस वर्षं साखरेच्या कारखान्यात पुडे बांधले. एकदा लग्नही केलं, चार वर्षांत मोडलं, त्याबद्दल ती फारसं बोलायची नाही. कारखाना बंद झाला तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, आणि त्या वयात मार्सेयमध्ये बाईला कोण काम देतो?

पण तेव्हाच आमच्या पानियेच्या टेकडीवर पाहुणे चुकूनमाकून यायला लागले होते. हातात नकाशा, तोंड कोरडं. रेजीन खिडकीतून ओरडून त्यांना वाट सांगायची. मग खाली उतरून दाखवायला लागली. मग कुणीतरी म्हणालं, अगं, परवाना काढ, यातच पोट भरेल. ती रात्रीच्या शाळेत जाऊन इंग्रजी शिकली, तिने परीक्षा दिली, पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. त्या दिवशी तिच्या आईने गल्लीतल्या सगळ्यांना तळलेल्या पानिस खायला घातल्या. चण्याच्या पिठाच्या त्या वड्या तिच्या आईसारख्या मी पुन्हा कधी खाल्ल्या नाहीत.

रेजीन गाव दाखवायची ती सगळ्यांसारखी नाही. बाकीचे पाहुण्यांना आधी पलीकडच्या टेकडीवरच्या चर्चकडे, सोन्याच्या माऊलीकडे नेतात, वरून फोटो काढू देतात. ही त्यांना बंदराच्या काठावर, मासे विकणाऱ्या बायकांजवळ उभं करायची आणि म्हणायची, "वर बघू नका. आधी वास घ्या." तिथेच ती आईची गोष्ट सांगायची. एकोणीसशे त्रेचाळीसच्या जानेवारीत जर्मनांनी आणि आपल्याच पोलिसांनी बंदराकाठची सगळी वस्ती पहाटे उठवली. तिची आई नऊ वर्षांची होती. आजीने घाईत शिवणयंत्राचं फक्त डोकं उचललं, पाय तिथेच राहिले. आगगाडीत कोंबून सगळ्यांना फ्रेजूसच्या छावणीत नेलं. आठवड्याने सोडलं, आणि मग त्यांची घरं सुरुंग लावून पाडली. हे सांगताना रेजीन रडायची नाही, आवाजही बदलायची नाही. पाहुणे मात्र डोळे पुसायचे. मग ती त्यांना पायऱ्यांनी वर आमच्या गल्लीत आणायची आणि बोट करून दाखवायची, "ती खिडकी. आई लग्न करून तिथे आली, आणि तिथेच गेली. आता मी राहते."

पाहुणे वाढले. आधी शेकड्यांनी, मग मोठमोठी जहाजं हजारांनी आणून ओतायला लागली. रेजीनला दिवसाला दोन-दोन फेऱ्या मिळायच्या. आम्हाला आनंदच होता. गल्लीत काय होतंय ते कळायला वेळ लागला. खाटिक गेला, तिथे साबणाचं दुकान आलं. कोपऱ्यावरचा चांभार गेला, तिथेही साबणच. दारांच्या बाजूला आकडे फिरवून उघडायच्या छोट्या लोखंडी डब्या लागल्या. त्यात किल्ली ठेवलेली असते, पाहुणा येतो, उघडतो, तीन दिवस राहतो, जातो. रेजीनच्या जिन्यात आठ बिऱ्हाडं होती, त्यातली दोन उरली. एक ती आणि एक सईद, कोमोरोस बेटांवरून आलेला म्हातारा, जहाजावर आचारी होता तो.

पत्र आलं ते मार्च महिन्यात. घरमालक जवळच्या एक्स गावी राहायचे, वर्षातून एकदा नवीन वर्षाचं कार्ड पाठवायचे, ते वारले होते. मुलांना घर विकायचं होतं. भाडेकरार संपायला सहा महिने होते, तोवर घर रिकामं करा, किंवा तुम्हीच विकत घ्या, पहिला हक्क तुमचा. पत्र अगदी सभ्य होतं. सगळं कायद्याप्रमाणे होतं.

मी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर फिरले. भाडेकरूंच्या संघटनेत एक तरुण मुलगी होती, तिने कागद दोनदा वाचले. तिने विचारलं, मादाम, तुमचं वय किती? रेजीन म्हणाली, एकसष्ट. त्या मुलीने पेन खाली ठेवलं. पासष्ट पूर्ण असती तर इतक्या कमी कमाईच्या बाईला असं काढता आलं नसतं, असं तिने सांगितलं. बँकेत तर कर्जाला नाही म्हणायला पाच मिनिटंही लागली नाहीत. नगरपालिकेच्या घरांच्या यादीत नाव घातलं, तिथल्या माणसाने विचारलं की पानियेतच हवं असं काही आहे का, आणि रेजीन हो म्हणाली तेव्हा तो हसला. वाईट हसला नाही. कीव आल्यासारखा हसला.

कुणी हाकलून दिलं असतं तर भांडता आलं असतं. जो तो आम्हाला खुर्ची देत होता, पाणी विचारत होता, आणि दारापर्यंत सोडायला येत होता.

मग घर बघायला माणसं यायला लागली. दिवसाचे दोन तास तिने दार उघडावं असा नियम. ती मला बोलावून घ्यायची, एकटीला धीर होत नसे. कुणी भिंतीवर बोटं वाजवायचे, कुणी तिच्या आईच्या कपाटाकडे बघून विचारायचे, हे जाणार ना?

मे महिन्यातल्या एका दुपारी दलाल एक जोडपं घेऊन आला. उत्तरेकडच्या लील शहरातून आलेलं, पस्तिशीचं, नीटनेटकं. ती बाई दारातच थांबली.

"तुम्ही रेजीन ना?" ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी आम्ही तुमच्याबरोबर फिरलो होतो. तुमच्या आईची गोष्ट... बास्तियाँ, आठवतं ना तुला? शिवणयंत्र?"

नवऱ्याला आठवत होतं. त्याने रेजीनचा हात दोन्ही हातांत धरला. त्या फेरीनंतर त्यांना दुसरं शहर आवडलंच नाही, असं तो सांगत होता. बायको खिडकीपाशी गेली, खाली बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हीच ती खिडकी," ती म्हणाली. "मी तेव्हाच याला म्हटलं होतं, इथे राहायला मिळालं तर. तुमच्यामुळेच आम्ही आलो, मादाम."

रेजीनने कॉफी केली. मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल. आणि ती बोललीही. कपबशा ठेवल्या आणि त्यांना घर दाखवायला लागली. मिस्त्राल वारा सुटला की स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप आधी लावायची, मग झोपायच्या खोलीची, उलटं केलं तर काच फुटते. न्हाणीघराचा नळ डावीकडे थोडा ओढून धरायचा. सकाळी नऊनंतर ऊन टेबलावर येतं, उन्हाळ्यात साडेसातलाच. ही खूण वडिलांनी माझी उंची मोजून केलेली, ही पुढच्या वर्षीची. तोच आवाज, तीच लय. ते दोघं तसेच ऐकत होते, जसे बंदरावर ऐकले असतील. दलाल भिंतीला टेकून मोबाइल बघत होता.

ते गेल्यावर माझा तोल सुटला. "शाबास," मी म्हणाले, "कसायाला स्वतःच सुरी पाजळून दिलीस. मान पण ठेवायचीस."

ती कपबशा धूत होती. "मग काय सांगू, आराक्सी? घर वाईट आहे म्हणून? आहे का वाईट?"

"त्यांना सांगायचंस की तुला जायचं नाहीये."

"त्यांना ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यांनी नाही घेतलं तर दुसरा घेईल. निदान यांनी ऐकलं तरी."

माझ्या दुकानामागे एक खोली आहे. रंगाच्या बाटल्या, टॉवेल, जुनी खुर्ची असं सगळं तिथे पडलेलं असतं. ती रिकामी करून तू इथे ये, असं म्हणायला हवं होतं. त्या दिवशी म्हणाले नाही, उद्या म्हणेन असं ठरवलं, आणि मग तो उद्या आलाच नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली. एका दुकानात दोन म्हाताऱ्या, आणि माझ्या दुकानाचा मालकही काही अमर नाही.

घर लीलच्या त्या जोडप्यानेच घेतलं, आणि सप्टेंबरमध्ये रेजीन घर सोडून गेली. शहराच्या उत्तरेला, मोठ्या रस्त्यापलीकडे, अकराव्या मजल्यावर तिला दोन खोल्या मिळाल्या. बसने यायला तास लागतो, एकदा बदलावी लागते. सईदने सामान उतरवायला मदत केली, स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांची पर्वा न करता. आईचं कपाट जिन्यातून निघालंच नाही. सत्तावन्न साली ते कसं आत आणलं हे सांगायला कुणी जिवंत नव्हतं. मजूर म्हणाले, कापावं लागेल. रेजीन म्हणाली, राहू दे. लीलची बाई म्हणाली होतीच की तिला ते फार आवडलं.

गाव दाखवणं तिने सोडलं नाही. सोडून खाणार काय? फक्त आमच्या गल्लीत आणायचं बंद केलं. लांश चौकाच्या बाजूने, दुसऱ्या वाटेने पाहुण्यांना वर न्यायची. कुणी विचारलं की तुम्ही इथेच राहता का, तर म्हणायची, मार्सेयमध्येच.

ते जोडपं उन्हाळ्यात पंधरा दिवस येतं. बाकी वर्षभर घर पाहुण्यांना देतात. दाराशी आता तशी किल्लीची डबी लागली आहे. पहिल्याच हिवाळ्यात त्यांचं रेजीनला पत्र आलं. राहायला येणाऱ्यांसाठी टेबलावर ठेवायला शहराची ओळख करून देणारी दोन पानं लिहून द्याल का, तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही, आणि तुमचं नाव खाली घालू. मोबदलाही देऊ म्हणाले होते.

ती ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. मी म्हणाले, फाडून टाक. तिने घडी करून पिशवीत ठेवलं. दोन आठवड्यांनी तिने लिहिलेली पानं मला वाचायला दिली. बंदरावर आधी वास घ्या, असं होतं. मासे दहाच्या आत घ्या. शुक्रवारी कुठल्या खानावळीत लसणाची चटणी घातलेला खारा मासा चांगला मिळतो, ते होतं. संत्र्याच्या फुलांचा वास असलेली होडीच्या आकाराची बिस्किटं फार कडक असतात, दात सांभाळा. मिस्त्राल सुटला तर आधी स्वयंपाकघराची झडप. खालच्या मजल्यावर सईद नावाचे गृहस्थ राहतात, रात्री पेट्या जिन्यावरून ओढू नका, उचलून न्या. आईबद्दल एक अक्षर नव्हतं.

"शिवणयंत्र नाही घातलंस?" मी विचारलं.

"ते कशाला," ती म्हणाली. "सुट्टीवर आलेली असतात माणसं."

पैसे तिने घेतले नाहीत. नाव मात्र घालू दिलं.

सईद मागच्या वर्षी मुलीकडे राहायला गेला. आता रेजीन मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी माझ्याकडे येते. दोन फेऱ्यांच्या मध्ये घरी जाऊन परत येणं शक्य नसतं, आणि बसायला कुठे जागा नसते. मागच्या दाराने येते, म्हणजे गल्ली लागत नाही. बूट काढून, केस वाळवायच्या यंत्राखालच्या खुर्चीत बसते. मी गिऱ्हाईक करत राहते.

गेल्या शुक्रवारी एक बाई दार ढकलून आत आली, मागे चाकांची पेटी. घर सापडत नाही म्हणाली, मोबाइलमधला पत्ता पुढे केला. मी वाचायला चष्मा शोधत होते. रेजीनने खुर्चीतूनच वाकून तो वाचला आणि हात वर केला.

"समोरचं दार, तिसरा मजला," ती म्हणाली. "पेटी उचलून न्या."

बाईने आभार मानले. आणि जाताना विचारलं, इथे जवळपास बघण्यासारखं काय आहे? रेजीन तिच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. बाई थांबली होती, हसत, उत्तराची वाट बघत. शेवटी मीच सांगितलं, चर्च, बंदर, जे सगळे सांगतात ते.