मोठा मासा घरी जात नाही

शौक म्हणून गळाने मासे धरणारे लोक मला आवडत नाहीत. पोटासाठी गळ टाकणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. रविवारी मोटारसायकलवर येऊन, टोपी घालून, दुसऱ्याने पोसलेल्या तलावाच्या काठी घडीची खुर्ची टाकून बसणाऱ्यांबद्दल बोलते आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, बी.एस्सी. होऊन घरी बसले होते तेव्हा, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मी त्यांचा सर्वे केला. त्याआधी ते मला नुसतेच आवडत नव्हते. नंतर कारणं सांगता येऊ लागली.

तलाव सिंदेवाहीपासून सायकलने जाण्याच्या अंतरावर होता. मालगुजारीच्या काळातला, लांबलचक पाळीचा म्हणजे मातीच्या बांधाचा, पाळीवर जुनी आंब्याची झाडं असलेला. मासेमारीचा ठेका ढिवरांच्या, म्हणजे पिढीजात मासेमारांच्या, सोसायटीकडे होता. पावसाळ्यात वरच्या नाल्याचं पाणी आत शिरलं की या तलावात रोहू आणि कतला अंडी सोडायचे. म्हणून तिथल्या मोठ्या माशांना मोल होतं: ते गेले की मागाहून येणारी पिल्लंही गेली. आणि मोठे मासे कमी होत चालले होते. मत्स्य खात्याचे साहेब म्हणायचे, सोसायटीची जाळी मोठे मासे ओरबाडून काढतात. सोसायटी म्हणायची, रविवारचे गळवाले काढतात. त्या वर्षी ठेका पुन्हा द्यायचा होता. दोष जाळ्यांवर आला तर जाळी बंद आणि तलाव लिलावात जाणार होता. लिलावात बोली लावायची ऐपत कोणाची होती, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. वडशाचा एक राईस मिलवाला दर रविवारी गळ टाकायला यायचा. त्या टोळीचा तोच म्होरक्या. सोसायटीतल्या ढिवरांची अर्धी तरणी पोरं त्याच्याच मिलवर पोती उचलायची.

सर्वे एका कॉलेजातल्या सरांकडे आला आणि त्यांनी मला कामावर घेतलं. सरांनी आधी कोकण किनाऱ्यावर हौशी गळवाल्यांचं काम केलं होतं. मला पहिल्याच दिवशी त्यांनी समजावलं. समुद्रातली सुरमई, कुपा असे मोठे मासे किती उरलेत हे ठरवताना बंदरात उतरणारी बोटींची मासळी मोजली जाते. पण शौकाने गळ टाकणाऱ्याचा मासा थेट त्याच्या स्वयंपाकघरात जातो, तो कोणी मोजत नाही. हिशेब जुळत नाही आणि शिव्या जाळीवाल्यांना बसतात. हे मला पटलं. माझे वडील संध्याकाळी विहारात पत्रकं वाचून दाखवायचे. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं ट्रंकभर. ज्याच्या हातात काही नाही त्याच्याच माथी खापर कसं फुटतं, हे मी त्या पत्रकांत अक्षरं जुळवायला शिकले तेव्हापासून वाचत आले होते. सर तेच माशांच्या भाषेत सांगत होते असं मला वाटलं.

फॉर्म मात्र सरांनी समुद्राचाच आणला होता. पाळीच्या टोकाला, जिथे मोटारसायकली लावत, तिथे बसून मी परत निघालेल्या प्रत्येकाला विचारायचं होतं. पहिल्या रविवारी मिलवाला आला तेव्हा मी प्रश्न वाचला, "भरती होती की ओहोटी?"

त्याने मागे वळून सोबत्यांकडे बघितलं. "लिहा बाई, भरती. सकाळी पाटलाच्या म्हशी उतरल्या होत्या पाण्यात."

सगळे हसले. मी प्रश्न खोडला आणि पुढचा विचारला, "आज सोबत किती मासे नेत आहात?"

त्याने पिशवी उघडून दाखवली. तळाशी बोटाएवढी मासळी. दुसऱ्याच्या पिशवीत तेच, तिसऱ्याच्या पिशवीत तर काहीच नाही. मी प्रत्येक मासा पट्टीवर ठेवून मोजला.

"काऊन बाई, मांजरीसाठी नेऊन राह्यलो, तेही लिहिता का?"

"तेही लिहिते."

"बापानं कॉलेजात शिकवलं न् पोरगी मासोळीची शेपटी मोजून राह्यली," असं तो जाता जाता मुद्दाम मला ऐकू येईल असं म्हणाला.

पुढचे सगळे रविवार असेच गेले. पाळीच्या मधोमध आंब्याखाली त्यांची चूल पेटायची, बाटल्या निघायच्या, गाण्यांची टेप लागायची. मला दर वेळी निरोप यायचा, बाईला जेवायला बोलवा. मी जात नसे. त्यांच्या पंगतीत पाय ठेवायचा नाही हे मी ठरवून टाकलं होतं. घरून आणलेली भाकर मी माझ्या जागी बसून खायचे.

सोसायटीचा सेक्रेटरीही माझ्यावर खूश नव्हता. "तुम्ही कोणाच्या बाजूच्या?" असं तो भेटेल तेव्हा विचारायचा. मी म्हणायचे, मोजमापाच्या. तो म्हणायचा, "म्हंजे आमच्या नाई."

मोजमापात दिसत होतं ते त्याच्या विरुद्धच जात होतं. फॉर्मांच्या गठ्ठ्यावर बोट ठेवून सर म्हणाले, हौशी लोक लहान मासेच नेतात, मोठ्या माशांवर त्यांचा भार जवळपास नाही. मला ते खरं वाटत नव्हतं, पण पिशव्या तर मीच उघडून बघितल्या होत्या.

मग एका रविवारी आंब्याखाली भांडण लागलं. आरडाओरडा एवढा की मी उठून गेले. मिलवाला आणि शाळेचे एक मास्तर एकमेकांच्या अंगावर धावत होते. मधे सोसायटीचाच एक माणूस पळी घेऊन उभा. तो सेक्रेटरीचा साळा, बायकोचा भाऊ. रविवारी या लोकांचा स्वयंपाक तोच करायचा.

"मुंडकं माझं आहे," मास्तर म्हणत होते. "माझ्या गरीले लागला."

"लागला तुझ्या गरीले, पाण्याबाहेर काढला कोणं? मी नसतो धरला तर तू गेला असता त्याच्या मागं तलावात."

"आचारी, तूच सांग."

आचाऱ्याने पळी झटकली. "मले नका विचारू. एकाचं नाव घेतलं तर दुसरा पुढच्या रविवारी तिखट कमी म्हणते."

चुलीशेजारी केळीच्या पानावर कतल्याचं मुंडकं होतं. माझ्या दोन्ही हातांच्या ओंजळीत मावलं नसतं एवढं. धड कढईत शिजत होतं.

"हा मासा माझ्याकडे लिहिलेला नाही," मी म्हणाले.

भांडण थांबलं. मिलवाल्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुम्ही काय विचारता बाई? सोबत काय नेता, हेच ना? हा कुठी घरी जाऊन राह्यला? मोठा मासा घरी नेतच नाई कोणी."

ते खोटं बोलत नव्हते. तो त्यांचा रिवाजच होता. मोठा मासा घेऊन गावातून गेलं की दहा जण थांबवतात, नजर लागते, साहेबाच्या घरी वाटा पोचवावा लागतो, शेजाऱ्याला द्यावा लागतो. म्हणून कोणालाही मोठा मासा लागला की तो तिथेच, पाळीवर, सगळ्यांनी मिळून संपवायचा. ज्याच्या गळाला लागला त्याला मुंडकं. घरी न्यायला उरलीसुरली मासळी. समुद्रावरचा हौशी माणूस धक्क्यावर मासा उचलून फोटो काढतो. आमच्याकडचा काटेसुद्धा कुत्र्यांना घालून मग माझ्यापुढे पिशवी उघडतो.

मी सरांकडे गेले. म्हटलं, चुलीपाशी बसून मोजते, मुंडकी मोजली तरी पुरे. सर म्हणाले, अर्ध्यात पद्धत बदलली तर आधीचे रविवार आणि नंतरचे रविवार जोडता येत नाहीत. जागा तीच, प्रश्न तोच, हे पाळावंच लागेल.

"पण प्रश्नच चुकीचा आहे."

"तो अहवालात मर्यादा म्हणून लिहू."

"मर्यादा तुम्ही लिहाल आणि सोसायटीचा तलाव जाईल."

सरांनी चष्मा पुसला आणि मला राजीनामा द्यायचा असेल तर देता येईल असं सांगितलं. मी दिला नाही. मला त्या गठ्ठ्यापासून दूर जायचं नव्हतं.

तिथून मी सेक्रेटरीच्या घरी गेले. तो अंगणात बसला होता, साळाही होता. मी विचारलं, "तुमचा माणूस दर रविवारी ते मुंडकं कापतो. मला काऊन सांगितलं नाही?"

साळा म्हणाला, "तुम्ही चुलीपाशी आल्याच नाई. तिथूनच नाक मुरडत होत्या."

"आणि तुम्ही?" मी सेक्रेटरीला म्हटलं. "तुमचा ठेका चालला आहे."

"ठेका आज चालला आहे. पोरं रोज मिलवर जातेत," तो म्हणाला. "त्याच्या ताटातला मासा मोजला तर उद्या आमच्या पोराईच्या डोक्यावर पोतं कोण ठेवीन?"

"मग तलावही त्यालाच देऊन टाका. पोरं तिथेही त्याचीच हमाली करतील."

तो उठून आत गेला. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको फाटलं जाळं शिवत बसली होती. तिने मान वर केली नाही. तोंडातला दोरा तोडून ती म्हणाली, "बाई, फॉर्म तोच ठेवायचा आहे ना तुमच्या सरले? ठेवू द्या. चूल पेटली नाई तर मासा कुठी जाईन?"

मला कळायला थोडा वेळ लागला.

पुढच्या रविवारी मी पोचले तेव्हा आंब्याखालची सगळी सावली जाळ्यांनी भरली होती. बायांनी घरोघरची जाळी आणून झाडापासून झाडापर्यंत पसरली होती आणि ओळीने बसून शिवत होत्या. चुलीच्या दगडांवरूनही जाळं गेलं होतं. आमच्याकडे शिवायला पसरलेल्या जाळ्यावरून कोणी चपलेने जात नाही, अनवाणीही ओलांडत नाही. गळवाला असला तरी तो पाण्यावरच येतो, त्यालाही हे ठाऊक असतं. मिलवाला कडेला उभा राहिला.

"किती वेळ लागन शिवायले?"

"जाळं पाहा ना भाऊ, किती फाटलं आहे," सेक्रेटरीची बायको म्हणाली. "तुमचे खात्याचे साहेब म्हणतेत, ह्याच जाळ्यानं तलाव खाल्ला. एवढं खाल्लं तर फाटनच."

"आचारी कुठी आहे?"

"त्याले ताप आहे."

ताप नव्हता. बहिणीने त्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली होती.

उन्हात चूल मांडायची तर दगड नव्हते, लाकडं नव्हती, आणि स्वतःच्या हाताने मासा साफ करायची त्या लोकांना सवयच नव्हती. दुपार उतरली तसे ते एकेक करून निघाले. मी माझ्या जागी बसले होते, फॉर्म तोच, प्रश्न तोच. मिलवाल्याच्या मोटारसायकलला मागे ओलं पोतं बांधलेलं होतं.

"आज सोबत किती मासे नेत आहात?"

जाळी शिवणाऱ्या बाया उठून रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याने पोतं सोडलं. कतला होता, पोट टम्म फुगलेली मादी. माझी पट्टी पुरली नाही, तेव्हा सेक्रेटरीच्या बायकोने जाळ्याचा दोरा काढून दिला.

"लिव्ह बाई, लिव्ह," मिलवाला म्हणाला. "तुझ्या बापाले वाचून दाखव विहारात."

तोवर तो मला 'तुम्ही' म्हणत होता.

सर्वे संपेपर्यंत उरलेल्या प्रत्येक रविवारी जाळी पसरलेली राहिली. कोणी पोत्यात मासा नेला, कोणी चिडून लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडला. दोघांनी गळ टाकणंच बंद केलं. सर एकदा स्वतः येऊन बघून गेले. त्यांनी जाळी बघितली, फॉर्म बघितले, आणि मला काहीही विचारलं नाही. पण ग्रामपंचायतीत अहवाल वाचताना त्यांनी शेवटचे रविवार वेगळे वाचले आणि म्हणाले, एवढा फरक का पडला ते ठरवता येत नाही, म्हणून दोष एकट्या जाळ्यांवर टाकता येणार नाही. एवढंच. पण साहेबांना लिलाव काढायला ते पुरलं नाही. ठेका सोसायटीकडे राहिला.

मी चार पानांचं पत्रक लिहिलं. माझं पहिलं. त्यात चूल होती, मुंडकं होतं, समुद्राचा फॉर्म होता आणि मिलवाला होता. नाव नव्हतं, पण वडशात ओळखायला नाव लागत नाही. छापायला देण्याआधी सेक्रेटरी घरी आला. दारातच उभा राहिला, पाणी दिलं ते घेतलं नाही.

"तलाव राह्यला," तो म्हणाला. "आता हे नका छापू. तुमचं झालं. आमची पोरं उद्या पण तिथीच जाणार आहेत."

मी म्हणाले, ते घाबरवतात म्हणून आपण गप्प बसायचं असेल तर तलाव राहिला काय नि गेला काय.

"तुमच्या घरात कोणी पोतं उचलते का बाई?"

मी पत्रक छापलं. वडील ते विहारात वाचताना मधेच थांबले आणि एक वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. मला अजून आठवतं कोणतं: मिलवर पोती उचलणाऱ्या पोरांचं.

त्याच आठवड्यात मिलवरून सोसायटीच्या पोरांना काढलं. त्यातली काही आंध्रात मिरची तोडायला गेली. सेक्रेटरी त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. बाजारात त्याची बायको भेटते. मासे विकत असते. मला बघितलं की हातातलं काम सोडत नाही, पण मासा तोलून, साफ करून देते, आणि मुंडकं वेगळं काढून विचारते, "हे पायजे का, का कुत्र्याले टाकू?"

मी दर वेळी घेते. गळवाले आता दुसऱ्या तलावावर जातात. तिथली सोसायटी नवीन आहे. मी तिकडे दोनदा जाऊन आले. त्यांचा सेक्रेटरी म्हणाला, पाळीवर कोण जेवतं याच्याशी आमचं काही देणंघेणं नाही. मी त्याला पत्रक दिलं. त्याने घडी घालून खिशात ठेवलं. वाचेल की नाही ते माहीत नाही. मी पुन्हा जाणार आहे.